आधीच दिलेली शाबासकी

अध्यक्षस्थानी असलेले माननीय कुलगुरू महोदय, व्यासपीठावरील वित्त अधिकारी साहेब, निरनिराळ्या विभागांचे प्रमुख, माझे सहकारी आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेले माझे विद्यार्थी, सर्वांना नमस्कार.

माझ्याबद्दल आत्ता इतकं गोड बोललं गेलं, की निवृत्त होणाऱ्या बाई कुणी दुसऱ्याच असाव्यात असं वाटलं. आभारी आहे. भेट दिलेलं पेनही सुरेख आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

एकतीस वर्षं मी शेवटच्या बाकावर बसले. होऊ घातलेला शिक्षक फळ्यापुढे घाम पुसत शिकवणार आणि मी मागे बसून त्याचं काय चुकलं ते लिहिणार. हा सराव पाठ. त्याला खरी शाळा लागते, खरी मुलं लागतात आणि तिथवर नेणारी गाडी लागते. आमच्या शिक्षणशास्त्र विभागाची एक खडखडणारी गाडी होती. चार वर्षांपूर्वी ती व्यवस्थापन विभागाच्या पाहुण्यांच्या दिमतीला गेली. दोन प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. मी बैठकीत विचारलं, तर वित्त अधिकारी साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला लागतं काय हो? खडू आणि फळा!" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

मग काय, आमचे विद्यार्थी एकमेकांनाच शिकवू लागले. पंचविशीतली माणसं तिसरीतली मुलं होऊन बाकावर बसायची. सगळी गुणी मुलं! प्रश्न संपायच्या आत बरोबर उत्तर.

गेल्या वर्षी आमच्या एका हुशार विद्यार्थिनीला पहिली नोकरी लागली. कौतुकाने तिचा वर्ग बघायला गेले. तिने एका मुलीला उभं केलं. "सात आणि आठ किती गं?" मुलगी गप्प. आणि आमची बाई म्हणते, "शाबास! पंधरा!" आणि वळली फळ्याकडे. ती मुलगी तास संपेपर्यंत उभीच. तिला कुणी बस म्हटलं नाही.

बाहेर आल्यावर आमची विद्यार्थिनी रडली. "बाई, आपल्या वर्गात सगळे पंधराच म्हणायचे हो. गप्प राहिलेलं मूल मी पाहिलंच नव्हतं."

तिला काय बोलणार? तिच्या नोंदवहीत 'शाळेतील वीस पाठ पूर्ण' असं लिहून खाली सही मीच केली होती. खोटी सही, महोदय. एकदा नाही, चार वर्षं. म्हणजे ती उभी राहिलेली मुलगी माझीही करणी आहे, नुसती तुमची नाही.

यंदाच्या चाळीस नोंदवह्या या टेबलावर आहेत. आज माझा शेवटचा दिवस आणि सही व्हायलाच हवी, असा सकाळपासून तीनदा निरोप आला. विद्यार्थ्यांना मी काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आम्हाला खरे पाठ द्या, मग सही करा. थांबतो आम्ही." ती मुलं थांबायला तयार आहेत. तुम्ही गाडी आणि माणसं द्यायला तयार आहात का?

नसाल, तर हे पेन घ्या. सही तुम्ही करा.

आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना माझं काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा, पण मागे बसलेल्या कुणीतरी ते लिहूनही ठेवा. उद्यापासून त्या बाकावर कुणीच नाही.