कोलंबीत दूध घालणाऱ्या सुमनवन्सं

मंडळी, आज सुमनवन्संचा दहावा. तुमी एवढे सगळे आलात. आपल्या आळे गावचे, शेजारच्या वाड्यांवरचे, त्यांच्या मैत्रिणी तर पार अवसरीहून. मला माईकसमोर बोलायची सवय न्हाई, आणि दहा दिवसांत आवाजही बसलाय. पण भावजय म्हणून मला बोलायलाच पायजे. मी जे सांगणार हाय, ते आमच्या घरातल्या तिघी बायांनाच ठाऊक व्हतं. त्यातल्या एक गेल्या.

वन्संना लहानपणापासून कोड व्हतं. हातांवर, ओठांपाशी. त्यापायी लग्न जमलं न्हाई. त्यांच्या हातचं पाणी न पिणारी माणसं इथं बसलीत, मी नावं घेत न्हाई. पण वन्संनी पिळलेलं म्हशीचं दूध रोज डेरीत जायचं आणि तेच तुमच्या चहात पडायचं. वन्सं हसायच्या. मला विचारायच्या, डेरीत गेल्यावर दूध माझा हात विसरतं काय गं?

असे प्रश्न त्यांना लई पडायचे.

माझ्या सासूबाई, म्हंजी वन्संच्या आई, इथं पुढं बसल्यात. वन्सं पोटात असताना आईंनी माहेरी मासे खाल्ले आणि वर दूध घेतलं. त्यानंच पोरीला कोड आलं, असं गावानं ठरवलं. आईंनीही मानलं. तवापासून त्यांनी दुधाला तोंड लावलं न्हाई, चहासुद्धा कोरा. डॉक्टरनं सांगितलं, आजी, कोड खाण्यानं येत न्हाई. आईंनी मान हलवली आणि घरी येऊन कोराच चहा मागितला.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी गावात केबल आली. टीव्हीवर एक बाई हिंदीतून सूप करून दाखवत व्हती. कोलंबी, त्यात दूध, वरून साय. वन्सं पुढं सरकून बसल्या. म्हणाल्या, ही दुधात कोलंबी टाकून खाती आणि हिच्या अंगावर एक डाग न्हाई, असं कसं? पुढं चार दिवस त्यांना दुसरं काही सुचेना.

धुळवडीच्या आदल्या दिवशी आमचे मालक टेम्पोत टोमॅटो भरून कल्याणला गेले व्हते. येताना बर्फात घालून कोलंबी आणली. सगळ्यांना वाटलं, सणाचं कालवण व्हणार. वन्संनी निम्मी कोलंबी बाजूला काढली. वास जावा म्हणून आपल्या रीतीनं हळद-लिंबू चोळलं. लोण्यावर कांदा-लसूण परतला, कोलंबी टाकली, दूध ओतलं. आणि दूध फाटलं.

आई दारातूनच म्हणाल्या, "बघ. दूधच सांगतंय."

दुसरी असती तर भांडं गटारीत ओतून मोकळी झाली असती. वन्संनी दोन वाट्या घेतल्या. एकीत गरम दूध आणि नुसतं लिंबू. दुसरीत गरम दूध आणि नुसती धुतलेली कोलंबी. लिंबाचं फाटलं. कोलंबीचं तसंच राहिलं. त्या दोन वाट्यांकडं त्या किती वेळ बघत बसल्या, काय सांगू. मंग म्हणाल्या, "आई, फाटलं ते लिंबानं. आळ मात्र कोलंबीवर आला."

पुन्हा सगळं केलं, लिंबाशिवाय. तांदळाचं पीठ लावलं, साय घोटून घातली, मिरी कुटून टाकली. पहिली वाटी स्वतः घेतली. निम्मी झाली आणि थांबल्या. हसायलाच लागल्या. अगं, मला तर आधीच कोड हाय, म्हणाल्या, माझ्यावर काय कळणार?

मंग मी वाटी उचलली. लई धीर व्हता म्हणून न्हाई, वास चांगला येत व्हता. आणि मला तवा दिवस जाऊन दोन महिने झाले व्हते. ते मी अजून कुणाला सांगितलं न्हवतं.

सांगितलं तवा वन्संनी बोटांवर महिने मोजले, आणि ते सूप मी पोटुशी असतानाच प्यायले हे त्यांच्या ध्यानात आलं. कुणाचं न मानणारी बाई, पण मी बाळंत व्हईपर्यंत घाबरून राहिली. मी पण घाबरले. डोळ्यांनी त्या वाट्या बघितल्या व्हत्या, तरी भीती का वाटावी? मला अजून कळलेलं न्हाई.

सोनाली झाली. वन्सं तिला रोज कोवळ्या उन्हात न्यायच्या, बोटांच्या बेचक्यांपर्यंत तपासायच्या. रोज. पुढची धुळवड येईपर्यंत रोज. मंग त्यांनी पुन्हा तेच सूप केलं आणि वाटी आईंपुढं ठेवली.

"आई, तुझं काय बी चुकलं न्हवतं. पी."

आईंनी लई वेळानं वाटी तोंडाला लावली. पीत व्हत्या आणि रडत व्हत्या. सोनाली आता सातवीत हाय. ती तिथं बसलीय, बघून घ्या.

हे मी आजच का सांगते? वन्सं गेल्या त्या दिवशी, आमच्याच ओट्यावर, आईंना ऐकू जाईल असं कुणीतरी बोललं. बिचारीच्या आईनं तेवढं खाल्लं नसतं, तर हिचा संसार झाला असता. मी आईंकडं बघितलं. त्यांनी तोंडावर पदर ओढून घेतला व्हता. लेक समोर ठेवलेली, आणि आई स्वतःला दोष देत व्हती. त्यांना सोडवणारी आता उठून बोलणार न्हवती.

म्हणून मी बोलले. आता सगळे उभे राहू या आणि दोन मिनिटं वन्संसाठी गप्प राहू या. खाली बसल्यावर तुमाला काय बोलायचं ते बोला. ते एक वाक्य तेवढं, या म्हाताऱ्या आईसमोर, पुन्हा कुणी बोलू नका.