कावेरीकाकूंचा पहिला कप

मंडळी, ऐका! बुक्का लावून झाला, हार गळ्यात पडला, तबलजींनी पानाचा तोबरा भरून घेतला — आता आख्यान!

पण आख्यानाआधी एक प्रश्न विचारतो. व्रत कशानं मोडतं? सांगा! खाल्ल्यानं? पाणी प्यायल्यानं? पुढं बसलेल्या आजी मान हलवताहेत — हो म्हणे! बरं. मग तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि मनात दिवसभर जावेला शिव्या — ते व्रत राहिलं का मोडलं? आता कुणी मान हलवत नाही! असू द्या. उत्तर मी देणार नाही. उत्तर कावेरीकाकू देतील.

कोण या कावेरीकाकू? फलटणच्या मुकुंदनाना वाळिंब्यांच्या पत्नी. आणि हे नाना कोण? तर नानांनी पुण्यात एका चहाच्या पेढीवर बत्तीस वर्षं नोकरी केली. काम काय? चहा चाखायचा! हसू नका, पगार मिळायचा त्याचा! दिवसाला साठ-साठ कप, आणि कुठल्या पोत्यातला चहा कुठल्या पोत्यात किती मिसळायचा, ते नानांनी सांगायचं. आपण फुकट सांगतो, "साखर कमी आहे." त्यांना सांगायचे पैसे मिळत!

निवृत्त होऊन नाना गावी आले, पण जिभेला कुठली निवृत्ती? पुतण्या लष्करात. बदली होईल तिथून काकाला चहाचा डबा धाडायचा. बघता बघता सत्तावीस डबे झाले! लोकांच्या घरी काचेच्या कपाटात बाहुल्या असतात, चांदीची भांडी असतात. नानांच्या कपाटात चहा! आणि दर रविवारी सकाळी बैठक. चार शेजारी, किराणामालाचे व्यापारी माणिकशेठ शहा, शाळेतून निवृत्त झालेले गुरव मास्तर. मधे नाना. पांढरेशुभ्र कप, उकळतं पाणी, पाच मिनिटांची वाळूची घटिका. दूध नाही, साखर नाही. वाळू खाली पडली की नाना चमचाभर चहा ओढायचे — सुर्रर्रर्र! घरातल्या पोरानं असा आवाज केला असता तर पाठीत धपाटा बसला असता. नानांनी केला की मंडळी माना डोलावत!

मग नाना निकाल द्यायचे, आणि मास्तर वहीत उतरवून घ्यायचे. काय एकेक निकाल! आसामचा चहा — "दार न वाजवता घरात शिरणारा व्याही." दार्जिलिंग — "हळू बोलतो, पण उठून गेल्यावर आठवत राहतो." निलगिरी — "शेजार असावा तर असा." धुरावर वाळवलेला एक डबा आला होता, त्यावर लिहिलं — "चुलीपुढं बसून रडलेला." आणि ग्रीन टी? त्यावर एकच शब्द — "आजारपण!"

नानांच्या शब्दाला गावात एवढा मान की माणिकशेठ दुकानातला चहा त्यांना दाखवल्याशिवाय पिशवीत भरत नसत. पिशवीवर छापलेलंच असायचं — "वाळिंबे नानांनी चाखून पसंत केलेला." नानांची सगळी मिळकत म्हणा, इस्टेट म्हणा, ती एवढी एक ओळ.

आता काकूंकडे चला. अडतीस वर्षांचा संसार. चहाच्या जाणकाराची बायको! पण तिच्या वाट्याला कुठला चहा यायचा? सांगा की माझ्या माउल्यांनो, तुम्हाला पाठ आहे! पाहुणे झाले, मुलं झाली, भांडीवाली झाली, मग पातेल्याच्या तळाशी जो उरेल तो. कोमट. गाळण्यातला चोथा पिळून निघालेला. तोही उभ्यानं, ओट्यापाशी. काकूंनी कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची असते, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं!

आणि एक दिवस — गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट, नाना मोठ्या तापातून उठले होते — रविवारची बैठक भरली. पहिला कप तयार झाला. नानांनी तो उचलला आणि हाक मारली, "कावेरी, बाहेर ये. पहिला कप तुझा!"

बैठक थक्क! काकू पदराला हात पुसत आल्या. "मला? अहो, मंडळी बसलीयत."

"बसू देत. इथं बैस समोर. आधी तू घे, मग आम्ही."

तेव्हापासून नियमच झाला. पहिला कप काकूंचा. त्या घोट घ्यायच्या, नाना त्यांच्याकडे टक लावून बघायचे, मग स्वतः चाखायचे, मग निकाल. गल्लीत बोभाटा झाला हो! घराघरांत भांडणं लागली! "बघा जरा वाळिंबे नानांकडे! बायकोला पहिला कप देतात! आणि तुम्ही?" पुरुषमंडळी नानांवर जाम चिडली होती.

आणि काकू? काकू सुखावल्या. उगाच कशाला लपवायचं? साठीची बाई, पण रविवार आला की नवी साडी काढायची. आपण घोट घेतो आणि आपला नवरा आपल्या तोंडाकडे बघत बसतो — लग्नातसुद्धा असं बघितलं नव्हतं त्यांनी! तो कप काकूंच्या जिवाला फार लागला होता, मंडळी. ध्यानात ठेवा.

भाद्रपद आला. हरतालिका, आणि नेमका रविवार. आता एकादशीला आपण चहा पितो — साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, वर चार कप चहा, आणि म्हणायचं काय तर कडक उपास! पण काकूंची हरतालिका निर्जळी. पाण्याचा थेंब नाही. अडतीस वर्षांत एकदा चुकलेली नाही. सकाळीच त्या शेजारी वाळूच्या पिंडीच्या पूजेला गेल्या.

आदल्या दिवशी काय झालं होतं? माणिकशेठांनी गणपतीसाठी नवं मिश्रण केलं आणि नमुना घरी धाडला. कागदाची पुडी, तीही फाटलेली. काकूंनी डबा शोधला. पण गणपतीचं घर! एका डब्यात करंज्या, एकात लाडू, एकात चिवडा. सत्तावीस डब्यांना हात लावायची सोय नाही. माळ्यावर एक रिकामा डबा सापडला. काकूंनी दोनदा घासला, उन्हात वाळवला, चहा ओतला, झाकण लावलं. झालं!

तो डबा कसला होता? हिंगाचा!

अहो, हिंगाचा डबा तुम्ही दहादा घासा, तो नातवाच्या लग्नापर्यंत हिंगाचाच राहतो! आणि चहा तर शेजारचा वास ओढून घेतो. रात्रभरात काय व्हायचं ते झालं. काकू सकाळी डबा बैठकीत ठेवून गेल्या, उघडून बघितला नाही.

माणिकशेठ घाईत आले. "नाना, उद्या चतुर्थी. गोदामात माणसं पिशव्या भरायला बसलीयत. तुमचा होकार आला की सुरू!"

"कावेरीला येऊ द्या." नाना दाराकडे बघत म्हणाले.

"काकूंचा आज उपास ना? त्या कुठं घेणार?"

नानांचा चेहरा उतरला. पण घटिका उलटी झाली, वाळू पडली, कप भरले. अन् खोलीत काय सुटला वास! गुरव मास्तरांना वाटलं आत कुणी आमटीला फोडणी घातली. शेजाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. नानांनी कप नाकाखाली धरला, डोळे मिटले, घोट ओढला — सुर्रर्रर्र! आणि म्हणाले,

"वा! घरच्या अंगणात वाढलेल्या लेकीसारखा! स्वच्छ! कसली भेसळ नाही, कसला आगंतुक वास नाही!"

आता मंडळी काय करणार? प्रत्येकाच्या तोंडात हिंग! पण नाना सांगताहेत स्वच्छ! जो तो आपल्याच जिभेवर संशय घेऊ लागला. मास्तर म्हणाले, "हो... अंगण... अंगण लागतंय खरं!" वहीत लिहिलंसुद्धा! आपणही असंच करतो की नाही? मोठ्या माणसानं बरं म्हटलं की आपलं नाक घरी ठेवून येतो!

माणिकशेठ किराणावाले. त्यांच्या डोक्यात चक्र फिरलं. गोदामात एका कोपऱ्यात हिंगाच्या पेट्या आहेत, नमुन्याचं पोतं गड्यानं त्यांच्याशेजारी टाकलं असणार! गड्याला झाडायचं ठरवलं होतं, पण नानांना तर हेच आवडलं! शेठ चाचरत म्हणाले, "नाना, हा माल कोपऱ्यातला. म्हणजे सगळी पोती आजच त्या कोपऱ्यात हलवू? असाच उतरायला हवा ना?"

"हलवा," नाना म्हणाले.

आणि नेमक्या त्याच वेळी काकू उंबऱ्यात! हातात पूजेचं ताट. पहिला श्वास घेतला अन् कळलं — हिंग! पहिल्यांदा वाटलं, देवा, माझ्याकडून काय घोळ झाला! आणि दुसऱ्या क्षणाला — यांना कसं कळलं नाही?

ताट हातात तसंच. आणि एकेक गोष्ट आठवायला लागली. श्रावणात दूध करपलं, घरभर वास, नाना शेजारी बसून पेपर वाचत होते. गॅस चालू राहिला होता, ते खुर्चीवर शांत. देवासमोरचा कागदी मोगरा नाकाशी धरून म्हणाले होते, "वास छान आहे." दिवाळीचा ताप नानांचं नाक घेऊन गेला होता! दहा महिने! जिभेला कडू-गोड तेवढं कळत होतं, आणि बाकी सगळं ते वाचत होते — कुठून? काकूंच्या तोंडावरून!

म्हणजे तो पहिला कप... तो मान नव्हता. ते प्रेम नव्हतं. ती नड होती!

मंडळी, त्या बाईला काय वाटलं असेल! नवी साडी नेसून मी बसत होते. गल्लीतल्या बायका माझा हेवा करत होत्या. आणि हे माझ्या तोंडाचा चष्मा करून चहा बघत होते! वाटलं, द्यावं सांगून सगळ्यांसमोर. पोती जाऊ देत हिंगात!

जरा पेटी थांबवा बुवा. इथं पेटी नको.

काकूंनी ताट खाली ठेवलं. पुढं आल्या. म्हणाल्या, "शेठ, थांबा. पोती हलवू नका. या घरात पहिला कप माझा असतो ना? मग माझ्याआधी निकाल कसा लागला?" आणि नानांच्या पुढ्यातला कप उचलला!

उपास निर्जळी. अडतीस वर्षांचा नेम. ज्या नवऱ्यासाठी तो नेम, त्याची अब्रू वाचवायला कप ओठांपाशी!

नानांनी त्यांचं मनगट धरलं. "कावेरी, अगं आज तुझा उपास आहे!"

काकू हळूच म्हणाल्या, "माझं व्रत मी बघेन. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघा."

कळलं! नानांना कळलं की हिला कळलं. एवढंच करायचं होतं, मंडळी. ती घोट घेणार, तोंड वाकडं करणार, आणि नाना म्हणणार, "थांबा, मागून काही वेगळं लागतंय, माल परत दाखवा!" नाव राहिलं असतं, पिशवीवरची ओळ राहिली असती. कुणाला पत्ता लागला नसता!

नानांनी कप तिच्या हातातून काढून घेतला. चहा धोतरावर सांडला. म्हणाले, "शेठ, मला वास येत नाही. दिवाळीपासून. हा चहा कसा आहे, मला ठाऊक नाही. आजवर जे बोललो ते हिच्या चेहऱ्यावर वाचून बोललो. तुम्ही सगळे मला चांगला म्हणत होता... मी हिला पहिला कप मान म्हणून दिला नाही. मी चोरी करत होतो."

मास्तरांनी वहीतली 'अंगण'ची ओळ गुपचूप खोडली!

मग माणिकशेठ म्हणाले, "म्हणजे दहा महिने माझ्या दुकानाचा चहा काकूंनी निवडला?" बोटांवर हिशेब केला. "अहो, एक पिशवी परत आली नाही! उलट खप वाढला! काकू, हे नवीन मिश्रण कसं आहे हो?"

"उपास सुटल्यावर सांगते," काकू म्हणाल्या. "आणि ते दुसऱ्या पुडीतून पाठवा. हिंग माझ्या डब्याचा आहे. तुमच्या गड्याला बोलू नका!"

असा हशा झाला की शेजारच्या पूजेतल्या बायका बघायला आल्या. नाना मात्र खाली मान घालून बसले होते. काकू त्यांच्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. का बोलावं?

चतुर्थीची सकाळ. काकूंनी पूजा केली, उपास सोडायला बसल्या. तर स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज! नाना ओट्यापाशी उभे. आलं किसताना बोट सोललेलं, दूध उतू गेलेलं. कप-बशी घेऊन आले आणि काकूंच्या पुढ्यात ठेवली. आज बैठक नव्हती. शेठ नव्हते, वही नव्हती. निकाल कुणालाच द्यायचा नव्हता. त्या चहातलं काहीही नानांच्या नाकाला कळणार नव्हतं.

"कावेरी," म्हणाले, "पहिला कप."

काकूंनी घोट घेतला. नाना समोर बसून तोंडाकडे बघत राहिले. आता बघायची नड नव्हती. तरी बघत राहिले.

"कसा झालाय?"

"साखर विसरलात," काकू म्हणाल्या, आणि कप रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही!

तर मंडळी, माझा प्रश्न काय होता? व्रत कशानं मोडतं? कप ओठापर्यंत गेला होता, काकूंनी तो प्यायचं ठरवलं होतं. मोडलं का? आजी, आता मान हलवत नाही तुम्ही! डोळे पुसताय!

बरं. आता तुमची पाळी. आज कीर्तनानंतर चहा आहे — निम्मी मंडळी त्यासाठीच बसलीयत, मला दिसतंय सगळं! तो चहा कोण करतंय? देवळाच्या मागं, त्या चुलीवर, चार बायका तासभर उभ्या आहेत. कीर्तन त्यांनी भिंतीआडून ऐकलं. आपण उठणार, रांग लावणार, पिणार, आणि त्यांना तळाचा उरणार. होय ना?

आज तसं नाही! मी आरतीला हात लावण्याआधी इथल्या चार पुरुषांनी मागं जायचं. पातेलं हातात घ्यायचं, त्या चौघींना इथं, पांडुरंगाच्या समोर, सतरंजीवर बसवायचं आणि पहिले चार कप त्यांना द्यायचे. आणि समोर थांबून विचारायचं, कसा झालाय. त्या जे म्हणतील ते ऐकायचं! मग आरती, मग बाकीच्यांचा चहा.

उठा, उठा! देव बघतोय! आणि माझं काय म्हणता? मला शेवटचा द्या. पातेल्याच्या तळाचा, कोमट. उभ्यानं पितो आज. बोला, विठाईमाउली, तुझ्या घरी जिनं राबावं तिनं आधी बसावं!