फाटकातली सातवी

हाडांच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांच्या शेजारी मायलेकी भांडत होत्या. लेकीचा घोटा टम्म सुजला होता.

“शिक्षिका ना तू? शाळेच्या फाटकात नाचतेस?”

“घोषणा द्यायच्या नाहीत, उभं राहायचं नाही, असा हुकूम आहे. नाचू नका असं कुठं लिहिलंय?”

“नाचून शाळा वाचते होय गं?”

“शाळा बंद करून बाकं न्यायला आलेला ट्रक नऊ दिवस बाहेरच आहे, आई.”

“बरं झालं पाय मुरगळला! आता बस घरी.”

“फाटक अडवायला सात जणी लागतात. उद्या सहाच. ट्रक आत शिरणार.”

“कटकट मेली!”

आई चप्पल काढून उभी राहिली.

“गिरकी उजवीकडून घ्यायची की डावीकडून?”

मास्तरांनी तिच्या गिरकीच्या वाटेतली आपली काठी उचलून घेतली.