डेल्मरची टर्बो विकायची आहे

नाही नाही, ट्रेलर आहे तिथंच राहू दे, बाळा, आणखी मागे घेऊ नकोस – मागच्या शनिवारी एकाला ही बर्फावर चालणारी गाडी पसंत पडली नाही, तर जाता जाता त्यानं आमची टपालपेटी आडवी केली. पसंत नाही तर नाही, पेटीनं काय घोडं मारलं होतं? ये, शेडमध्ये ये. दार खांद्यानं ढकल, खालून बर्फ धरून बसतो. मी आर्विला, फोनवर मीच होते. डेल्मर ना? नवरा माझा घरात झोपलाय. सकाळी चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायला गेला होता, दमून आला आणि जेवून आडवा झाला. दुपारी कधी झोपत नाही तो, पण मी म्हटलं झोपू दे, सत्तरी ओलांडलीय. आणि खरं सांगू? मीच उठवलं नाही. तो बाहेर आला की तू गाडी घेणारच नाहीस.

हसतोस काय, दोन गिऱ्हाइकं परत पाठवलीत त्यानं. आपण काही विकायला काढलं तर गुण सांगतो की नाही? हा दोष सांगतो – पहिल्याला म्हणाला, पुढची उजवी, बर्फावर घसरायची पट्टी वाकलीय, झाडाला घासली होती. दुसऱ्याला म्हणाला, ताज्या बर्फात फार दामटलीस तर इंजिनाचा बेल्ट जळल्याचा वास येतो, जादाचा बेल्ट नेहमी जवळ ठेव. आणि मग उलट त्यांचीच चौकशी – तुझं वजन किती, उतारावर आडवी चालवता येते का, बर्फ कोसळला तर माणूस शोधायचं ते यंत्र छातीला बांधतोस की पिशवीत टाकतोस? मी म्हटलं, डेल्मर, तू गाडी विकतोयस की मुलगी देतोयस? तर म्हणतो, मुलगी दिली तेव्हा मी इतकं विचारलं नव्हतं. आणि ते खरं आहे, जावई बघितलास तर तुला पटेल.

अगं बाई, म्हणजे पट्टीचं आणि बेल्टचं तुला मीच सांगून बसले की. असू दे. लपवून काय करायचं, तू रिग्बीचा आहेस ना, तुमच्याकडचे लोक गाडीखाली झोपून बघतात. थांब, एवढं कापड सोडवते. गाठ बघ कशी मारलीय. परवा मी साधी मारली होती – का तीही त्यानंच मारली होती? काय की. तर गाडी चांगली आहे. टर्बो कंपनीतूनच बसून आलाय, कुणी गॅरेजात हौसेनं बसवलेला नाही, तसल्या गाड्या दोन हिवाळ्यांत रडायला लागतात आणि मग त्यांना कुणी विचारत नाही. पिस्टन एकदा बदललेत, डेल्मरनं स्वतः, माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर, नाताळच्या आठवड्यात. मी भाजलेल्या सगळ्या सफरचंदाच्या पायना त्या वर्षी तेलाचा वास होता. पण त्यानंतर ही गाडी कधी अडली नाही. वर डोंगरावर हवा विरळ झाली की साध्या गाडीला धाप लागते, हिला लागत नाही, टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. इतरांच्या गाड्या निम्म्या चढावर रुततात, लोक फावडी काढून खणत बसतात, आणि हा वरून हात हलवतो. भारी खोड.

आता विकतोय का? विचारणारच तू, सगळे विचारतात, गाडी इतकी चांगली तर विकता का. गाडीचं काही नाही रे. त्याचं आहे. पानगळीत त्याचं हृदय बिघडलं, दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दरीत राहा, वर जायचं नाही, वर हवा कमी. हा काय म्हणाला असेल? म्हणतो, पण माझ्या गाडीला टर्बो आहे. त्या म्हणाल्या, गाडीला आहे, तुम्हाला नाही. मी हसले. तिथं हसले आणि घरी येऊन न्हाणीघरात रडले, पाणी सोडून, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. हे तुला का सांगतेय मी? तू आपला गाडी बघ. तर त्यानं शब्द दिला. किल्ली माझ्या हातात दिली, ती मी पिठाच्या डब्यात ठेवलीय. हो, एकच मिळेल तुला, दुसरी हरवली. डेल्मर म्हणाला, बर्फात पडली.

आणि तसंही तो जाणार कुणाबरोबर? त्याचा जोडीदार वेंडेल कंबरेनं थकला आणि दक्षिणेला उन्हात राहायला गेला, आता तिथून संत्र्यांचे फोटो पाठवतो. एकट्यानं वर कुणी जात नाही, तुला सांगायला नको. दोघं हवेतच, एक अडकला तर दुसरा खणतो. आमच्या मुलांना आम्ही चालायच्या आधी हे शिकवतो. पूर्वी मी जायचे त्याच्याबरोबर – ते बघ कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, निळं यंत्र. माझं. जुनं आहे, टर्बो नाही काही नाही, आता त्याच्या सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलाय. सीट विकत मागू नकोस, त्यांना विचारावं लागेल.

जपून, ओलं आहे तिथं. छप्पर गळतं. म्हणजे गळत असेल, एरवी कोरडं असतं. हं, निघालं बघ कापड. आता तुझी ती अट – फोनवर दोनदा बजावलंस, मी यायच्या आधी सुरू करू नका, थंड इंजिन बघणार. बरोबर आहे तुझं. आमच्याकडेही आधी तळहात टेकवतात, मग बोलतात. गरम लागलं तर समजावं, विकणारा काहीतरी झाकतोय, सकाळी ही धड सुरू होत नसणार. पण मी विमा काढलेल्या काचेसारखी सांभाळलीय रे, पानगळीपासून कुणी हात लावलेला नाही. लाव, लाव हात. सावकाश बघ.

काय झालं?

हात का काढलास? चावली का? असं बघू नकोस माझ्याकडे, मी फसवणाऱ्यातली नाही, मी सकाळभर बायकांबरोबर गोधडी शिवत होते, विचार कुणालाही. सरक. बघू दे मला.

कोमट आहे.

वरून नाही, खालून आहे. आतपर्यंत. आणि हा गाडीखालचा दातेरी पट्टा बघ, बर्फ अजून दातांत अडकलाय, सुईसारखी पानं आहेत त्यात, ही झाडं खाली नाहीत, ही वरच्या उतारावर आहेत. छप्पर गळतं म्हणे. चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ म्हणे, दुसरी किल्ली हरवली म्हणे. आणि मी मूर्ख, त्याला जास्तीचं रताळं वाढलं, दमलास म्हणून.

एकटा गेला रे. एकटा. खणायला कुणी नाही, हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. मी तिथं टाके घालत बसले होते आणि हा – थांब. कधीपासून झोपलाय तो? मी भांडी घासली, तुझी वाट बघितली, एवढ्या वेळात एकदा तरी खोकला का? बाळा, जरा त्या खिडकीकडे – नको, मीच बघते.

हलला. पडदा हलला, बघितलास? परत हलला. झोपलाय म्हणे. मघापासून तिथं उभा राहून आपल्याकडे बघतोय लबाड. देवा, बरं झालं. किती बरं झालं. नाही, रडत नाही, इथं पेट्रोलचा वास आहे.

हे घे कापड, तिकडून धर. झाकून टाकू. नाही बाळा, विकत नाही मी. रिग्बीहून आलास, तुझं पेट्रोल गेलं, मला माहीत आहे, सफरचंदाचा पाय बांधून देते एक, घरी खा. पण ऐक. ही नेलीस तर तो थांबणार का? कुणाचं तरी मोडकं यंत्र मागून आणील आणि वर जाऊन अडकेल. जाणारच असेल तर हिच्यावरच जाऊ दे, ही पहिल्या झटक्याला सुरू होते. आणि डॉक्टरीणबाईंना मी सांगेन काय सांगायचं ते – अगदी वर नाही, निम्म्यापर्यंत, आणि मागे मी. उंदरांना मात्र घर बदलावं लागणार. तू जायच्या आधी त्या ताडपत्रीचं एक टोक ओढून जा, माझी कंबर आता तशी राहिली नाही. हं. तेवढंच.

जा आता. वळताना टपालपेटी सांभाळ. आणि तो खिडकीतून हात हलवील, तू हलवू नकोस, त्याला वाटेल सुटलो. मला आत जाऊन आधी त्याच्याशी चांगलं भांडायचंय. मग विचारायचंय, वर बर्फ कसा होता.