नापास दाता

समारंभाच्या अध्यक्ष नैनाताई, मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद आणि आमचे सर्वांचे दिगंबरकाका, आजच्या सत्कारमूर्ती सुलेखाताई, मागच्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसलेली आमची तरुण पिढी, आणि हायवेचं काम चालू असतानाही चक्क वेळेवर पोहोचलेल्या माझ्या ॲन आर्बरच्या बंधुभगिनींनो,

सुलेखाताई येत्या शनिवारी सांता क्लाराला, मुलाकडे, कायमच्या राहायला चालल्या आहेत. त्यांना निरोप देण्यासाठी मी दोन शब्द बोलावेत असं कार्यकारिणीने ठरवलं. मी आधी नाही म्हणालो होतो. मग रत्नाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी हो म्हणालो.

नैनाताईंनी माझी ओळख करून देताना आत्ता म्हटलं, की अवधूतने पन्नाशीच्या तोंडावर साठ पाउंड वजन उतरवून मंडळापुढे आदर्श ठेवला. त्यावर तुम्ही सगळ्यांनी एकाच वेळी माझ्या पोटाकडे पाहिलंत. नैनाताई, तुम्ही प्रेमाने बोललात, पण 'आदर्श' हा शब्द ऐकून मला खुर्चीखाली जाऊन बसावंसं वाटलं. पूर्वी मी खुर्चीखाली मावलो नसतो, आता मावेन, एवढाच काय तो फरक.

वजन उतरलं हे खरं आहे. पण ते कशासाठी उतरवायचं होतं, आणि ते काम शेवटी कोणी केलं, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अर्धवटच ठाऊक आहे. आज सुलेखाताई समोर बसल्या आहेत, तेव्हा सगळं सांगतो.

रत्नाच्या किडन्या काही वर्षांपासून हळूहळू निकामी होत होत्या. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी डायलिसिस सुरू केलं. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी जवळजवळ चार तास. डॉक्टर म्हणाले, कायमचा उपाय म्हणजे दुसरी किडनी. यादीत नाव घातलं तर कित्येक वर्षं थांबावं लागेल. घरातलं कोणी देणार असेल तर लवकर होईल.

घरातलं कोणी म्हणजे कोण? आमची मुलगी रुही शाळेत, वयाने लहान. म्हणजे मीच. मी तिथल्या तिथे म्हणालो, "माझी घ्या." काही विचार केला नाही, आणि विचार करण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंही नाही. घरी येताना गाडीत मी अगदी ताठ बसलो होतो, हे मला आजही आठवतं.

मग हॉस्पिटलमध्ये तपासणीला गेलो. तिथे दात्यांसाठी वेगळी नर्स असते. तिने मला घालायला गाऊन दिला. तो मागून बंद होईना. ती बाहेर गेली आणि दुसरा, मोठा घेऊन आली. तो आणायला ती लांबच्या कपाटापर्यंत गेली असावी, कारण मी बराच वेळ पाठ भिंतीला टेकवून उभा होतो. रक्तगट जुळला. काही दिवसांनी तिचा फोन आला. अतिशय गोड आवाजात ती म्हणाली, "सध्या आम्ही तुम्हाला दाता म्हणून घेऊ शकत नाही. वजन फार आहे, साखरही मधुमेहाच्या काठावर आहे. तुमच्याच जिवाला धोका आहे. वजन कमी करा आणि परत या, आम्हाला आनंद होईल."

मंडळी, इंजिनिअरिंगपासून व्हिसापर्यंत मी कुठेही नापास झालो नव्हतो. आणि इथे मी काहीतरी फुकट द्यायला गेलो होतो, तर ते घ्यायलाही कोणी तयार नव्हतं.

रत्नाला सांगितलं तेव्हा ती डायलिसिसच्या खुर्चीत होती. गेली दहा वर्षं ती मला चालायला जा म्हणत होती. त्या दिवशी ती म्हणू शकली असती, की बघ, मी सांगत होते. ती म्हणाली, "बरं. मग आता काय करायचं?" आणि माझ्या हातावर हात ठेवला. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता तुम्हाला वाटेल, की दुसऱ्या दिवसापासून हा माणूस पळायला लागला असेल. नाही हो. मी काय केलं ते सांगतो. रत्नाला सेंटरवर सोडायचो आणि ते चार तास गाडीत बसून खायचो. समोरच्याच प्लाझात आपलं देशी दुकान आहे. तिथले बटाटेवडे, समोसे, कधी दोन्ही. मला त्याची चवही धड लागत नव्हती, पण हात थांबत नव्हता. रत्नाला त्या काळात बटाटा बंद, टोमॅटो बंद, पाणीसुद्धा मोजून.

एका संध्याकाळी ती बाहेर आली आणि गाडीत बसली. मी खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, कागद कचऱ्यात टाकून आलो होतो. तिने पट्टा लावला, डोकं मागे टेकलं, आणि डोळे मिटूनच म्हणाली, "वडा होता ना?"

मी किल्ली चाचपायला लागलो.

"गरम होता का रे?"

त्यात टोमणा नव्हता, त्याचाच तर त्रास झाला. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी गाडी सुरू केली, आणि घर येईपर्यंत मला तिच्याकडे बघता आलं नाही.

त्यानंतर मी रिक्रिएशन सेंटरला जायला लागलो. तिथे वरच्या मजल्यावर चालायचा ट्रॅक आहे. पहिल्या दिवशी माझ्या बाजूने युनिव्हर्सिटीतली पोरंपोरी हरणासारखी जात होती आणि मी दोन फेऱ्यांत धापा टाकत भिंतीपाशी बसलो. आपल्या ओळखीचं कोणी दिसू नये अशी प्रार्थना करत होतो, तेवढ्यात सुलेखाताई समोर आल्या. मंडळातल्या साठीच्या आतल्या सगळ्यांनाच त्या अरे-तुरे करतात. रविवारच्या मराठी शाळेत रुहीला त्यांनीच बाराखडी शिकवली.

मी घाईघाईने बुटाची नाडी बांधायला लागलो.

"नाडी सुटलेली नाहीये तुझी," त्या म्हणाल्या. "दम लागलाय. बस दोन मिनिटं, मग माझ्याबरोबर चल."

"ताई, तुम्ही जा पुढे. माझ्यामुळे तुम्हाला उगाच..."

"मी हळू चालेन. मला कुठे गाडी पकडायचीय?"

तेव्हापासून आम्ही जवळजवळ रोज सकाळी ऑफिसच्या आधी चालायचो. अठ्ठावन्न वर्षांची ही बाई चालताना बोलू शकायची आणि मी नुसता हुंकार द्यायचो. पुढे पुढे मीही बोलायला लागलो. काय बोलणार? रत्नाचंच. काल तिला उलटी झाली, आज हात सुजलाय, रात्री पाय दुखतात म्हणून झोपली नाही. घरी हे बोलायची सोय नव्हती. ताई ऐकून घ्यायच्या. भात कमी कर, रात्री सातनंतर खाऊ नकोस, असं मध्येच सांगायच्या. वजन उतरू लागलं. पँट सैल झाली. ऑफिसमध्ये लोक विचारायला लागले आणि मी, खरं सांगतो, थोडा फुगलो. डिसेंबरपर्यंत छान चाललं. मग काटा एका जागी अडला तो अडलाच. हॉस्पिटलने सांगितलेल्या आकड्यापासून मी अजून बराच दूर होतो.

जानेवारीत रत्नाला जंतुसंसर्ग झाला आणि ती आठवडाभर ॲडमिट होती. घरी आली तेव्हा जिना चढताना मध्ये बसली. आमच्या घरात पूर्वी जिन्यावर दम खात बसणारा मी असायचो, आता ती होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सुलेखाताई घरी आल्या. चहा झाला. रुही तिथेच होमवर्क करत होती. ताई रत्नाला म्हणाल्या, "मी हॉस्पिटलला फोन केला होता, नोव्हेंबरात. सगळ्या तपासण्या झाल्या. आपलं जुळतंय. त्यांनी मला पास केलंय."

रत्नाला पहिल्यांदा कळलंच नाही. मला कळलं. आणि अशा वेळी नवऱ्याने काय करायला हवं? पाया पडायला हवं. रडायला हवं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ताई, मला अजून थोडे महिने द्या ना. मी करतोय. उतरतंय माझं."

रुहीने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, इट्स नॉट अबाउट यू."

रत्नाने तिला गप्प केलं नाही. ती माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "अवधूत, मला किडनी हवी आहे. तुझीच हवी, असं मी कधी म्हटलं?"

मी उठून गॅरेजमध्ये गेलो. थंडी इतकी, की श्वास दिसत होता. मी इतके महिने बायकोसाठी चालत होतो अशी माझी समजूत होती. त्या गॅरेजमध्ये उभं राहून मला कळलं, की माझं निम्मं चालणं त्या मोठ्या गाऊनसाठी होतं. मला परत जाऊन त्या नर्सला दाखवायचं होतं. आणि त्यासाठी मी बायकोला अजून काही महिने सुयांवर ठेवायला तयार झालो होतो.

थोड्या वेळाने सुलेखाताई तिथे आल्या. कोट न घालताच. मी विचारलं, "तुम्ही का करताय हे? तुमचं आमचं नातं काय?"

त्या म्हणाल्या, "रोज सकाळी तुझ्या तोंडून तिचंच ऐकत होते. एक दिवस मनात आलं, हा उतरेपर्यंत ती टिकेल का? मग फोन केला. एवढंच. आता आत चल, मला थंडी वाजतेय."

"ताई, मला लाज वाटतेय."

"वाटू दे. पण आत चल."

मार्चअखेर ऑपरेशन झालं. ताईंची किडनी रत्नाच्या शरीरात गेली आणि, सर्जन म्हणाले, टेबलावरच कामाला लागली. ताईंचा मुलगा दोन आठवडे येऊन राहिला. तो परतला आणि लगेच, आपल्या मिशिगनचा नियमच आहे, एप्रिलमध्ये बर्फ पडलं. ताईंना काहीही उचलायची बंदी होती. मी पहाटे जाऊन त्यांचा ड्राइव्हवे साफ केला, पायऱ्या साफ केल्या, मग शेजाऱ्यांचाही केला. गेल्या वर्षीचा मी दहा फुटांत आडवा झालो असतो. माझ्या साठ पाउंडांचा सुलेखाताईंना झालेला फायदा म्हणाल तर तो एवढाच. खिडकीतून त्या ओरडल्या, "अरे, ट्यूलिपवर नको टाकूस बर्फ!" तेही मी करून ठेवलंच होतं.

आज रत्ना इथे पहिल्या रांगेत बसली आहे. आजच्या कार्यक्रमासाठी तिने स्वतः खुर्च्या मांडल्या. ती बरी आहे, हे तुम्ही पाहताच आहात.

आता शेवटचं. गेल्या महिन्यात माझा काटा हॉस्पिटलने सांगितलेल्या आकड्याच्या खाली गेला. साखरही ताळ्यावर आली. मी त्या नर्सला फोन केला. का केला? सांगताना संकोच वाटतो, पण कौतुक ऐकायलाच केला. तिला फार आनंद झाला. आणि मग तिने त्याच गोड आवाजात विचारलं, "तुमच्या पत्नीला तर मिळाली. पण यादीतल्या दुसऱ्या कोणाला द्यायची तुमची अजून इच्छा आहे का?"

रत्नाच्या वेळी मी पाऊण सेकंदात हो म्हणालो होतो. या वेळी म्हणालो, "कळवतो." आणि फोन ठेवला. अनोळखी माणूस. मला काय त्याचं? पण मग सुलेखाताईंना तरी रत्नाचं काय होतं?

ज्या बाईंनी हे केलं त्यांच्याशी मी गेले दहा महिने चालतोय, आणि त्यांना कधी भीती वाटली का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. परवा विचारलं. त्या म्हणाल्या, "वाटली ना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुलाला फोन करून रडले. मग झोपले."

रत्नाशी बोललो. ती म्हणाली, "शरीर तुझं आहे. माझ्यासाठी करू नकोस, आणि मला दाखवायलाही नको." तपासून तर घ्या, असं मी नर्सला कळवलं; मंगळवारी माझी नव्याने रक्ततपासणी आहे. पुढे जमेल की नाही, ते मला घेतील की नाही, ऐन वेळी माझे पाय लटपटतील की काय, मला काहीही माहीत नाही. भीती वाटते. म्हणून विनंती आहे, त्यासाठी कृपया टाळ्या नकोत.

टाळ्या सुलेखाताईंसाठी ठेवा. ताई, तुमच्यासमोर उभं राहिलो की माझी मान अजून नीट वर होत नाही, आणि ती इतक्यात होऊ नये असंच मला वाटतं. सांता क्लाराला बर्फ नाही, ट्यूलिप निर्धास्त लावा. नातवाला बाराखडी शिकवा. त्याने हट्ट केला तर रागवा, तुम्हाला छान जमतं.

अध्यक्षांचे, कार्यकारिणीचे, स्वयंपाकघरात अजून उभ्या असलेल्या सगळ्यांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मला पाच मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. बोलण्यात काही वावगं गेलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर ते पोटात घाला. सुलेखाताईंनी माझं पुष्कळ पोटात घातलं आहे, थोडं तुम्हीही घाला.

नमस्कार.