कवंडळाचा पाठ

चतुर्थी तोंडावर आली होती. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायची लालभडक कवंडळाची फळं पिशवीत घेऊन गौरवी साखळीच्या बसस्टँडवर मयेच्या बसची वाट पाहत होती. शेजारी दोन मुली बसल्या होत्या, प्राथमिक शिक्षिकेचा कोर्स करणाऱ्या.

"सिद्धी, बघ गे, तुझं फळ."

"नको दाखवू."

गौरवीने पिशवी हळूच पायाशी ओढली.

"एवढं काय झालं त्या सरावपाठात?"

"बियांचा पाठ होता. मी खरं कवंडळ फोडून चौथीच्या मुलांच्या हातात दिलं. सर पाठ तपासायला मागे बसलेले. म्हणाले, तक्ता कुठे आहे?"

"नेला नव्हतास?"

"हातात फळ असताना चित्र कशाला, अंकिता? मग एका मुलीने विचारलं, टीचर, एवढं कडू फळ पाखरं कशी खातात?"

हे गौरवीलाही ठाऊक नव्हतं.

"तू काय सांगितलंस?"

"मला माहीत नाही, आपण मिळून शोधू या."

"सरांच्या देखत?"

"तिथेच नापास. म्हणाले, शिक्षकाने अज्ञान दाखवायचं नसतं, पाठ परत घ्या."

"घेतलास?"

"मंगळवारी. तक्ता रंगवून नेला. उत्तरं आदल्या दिवशीच मुलांकडून घोकवून घेतली."

"आणि ती मुलगी?"

"तिने परत हात वर केला."

"मग?"

"खाली कर, म्हटलं. सरांनी शेरा दिला, वर्गावर उत्तम पकड."

"म्हणजे सुटलीस."

"सुटले. ती आता कुणाच्याच तासाला हात वर करत नाही."