कदमांनी मारलेल्या वीस किका

मी माझीच गाडी बंद पाडून ठेवली होती, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही ना?

माझी ती जुनी जपानी टू-स्ट्रोक मोटरसायकल. बायको, स्मिता, सारखी म्हणायची, "नेहमी बंदच असते, विकून टाक." शेवटी तिनेच गिऱ्हाईक शोधलं. भांडुपचे कदम. ते यायच्या आधी मी गुपचूप खाली गेलो, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवलं.

कदमांनी वीस किका मारल्या. घामाघूम झाले. मी पडलेल्या चेहऱ्याने म्हटलं, "जुनी आहे हो, भरवसा नाही."

बारा वर्षं मला पाने-पकडी देऊन देऊन स्मिताही अर्धी मेकॅनिक झालीय, हे मी विसरलोच होतो. ती वाकली, कॉक उघडला, पेट्रोल खाली उतरेपर्यंत जरा थांबली आणि म्हणाली, "आता मारा."

पहिल्याच किकला सुरू!

"झकास, वहिनी! आजच नेतो," कदम म्हणाले. माझी वाट लागली, यार. चेहरा रडवेला झाला असणार. स्मिताने तो नीट बघितला.

"सॉरी हं, कदम. गाडी राहू दे," ती म्हणाली. "बिघाड गाडीत नाही, नवऱ्यात आहे. तो नेताय का?"